खयचा घालू?

आचऱ्याच्या तिठ्यावर नवा पंप आलाय.
त्याला दोन नळ्या, एक हिरवी, एक पिवळी.
हिरवीत साधं पेट्रोल.
पिवळीत बहुतेक इथेनॉल,
म्हणजे घाटावरच्या उसाची दारू,
टँकरमधून फोंडाघाट उतरून आलेली,
दिवसाढवळ्या, पोलिसांना न चुकवता.

गुणाजी विचारतो, "खयचा घालू?"
रोज विचारतो. माझी गाडी दोन्ही पिते.
विकताना दुकानदाराने हाच गुण सांगितला होता :
मॅडम, हिला काहीही चालतं.
मी बोलले नाही, की असं एक माणूस
आमच्याही घरी होतं.

मी पिग्मी गोळा करते. तोंडवळी ते हिर्लेवाडी,
चौसष्ट खाती, रोजचे अठ्ठावन्न किलोमीटर.
हिशेब मला कुणी शिकवू नये.
पेट्रोल एकशे सहा, लिटरमागे सेहेचाळीस जाते.
पिवळं अठ्ठ्याहत्तर, लिटरमागे चौतीस.
भागून बघा. किलोमीटरला एक पैसा सुटतो,
दिवसाला साठेक पैसे.
साठ पैशांसाठी कुणी डोकं शिणवत नाही.
मी शिणवते.

पास्कू मेस्त्री म्हणतो, पावसात पिवळा नको.
"दारू ती. हवेतला पाणी ओढता.
चार दिस उभी रवली काय बोंबललास."
पास्कूचं निम्मं खरं असतं,
कुठलं निम्मं, ते बिल आल्यावर कळतं.
भाची नेत्रा म्हणते, धूर कमी होतो मावशी.
आणि उसाला पाणी किती लागतं, विचारलं
तर मोबाइल काढून बघते, आणि गप्प होते.

आप्पा चैत्रात काजूचे बोंडू तुडवायचे.
व्हाळापलीकडे भट्टी, काळं मडकं, तांब्याची नळी.
पहिल्या धारेचा चमचाभर विस्तवावर टाकायचे.
निळा जाळ भसकन उठला की माझ्याकडे बघून हसत :
"बघ चेडवा, पेट्रोल!"
कितीतरी वर्षं मला वाटायचं
की गावातल्या सगळ्या गाड्या
आमच्याच व्हाळावर चालतात.
पुढे पुढे विकायला काही उरेना.
आईने रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं,
ही वस्तू परत माझ्या उंबऱ्याच्या आत नको.
देवाने ऐकलं. आप्पाच राहिले नाहीत.

पहिल्यांदा पिवळं भरून आले त्या रात्री
गाडी पडवीत लावली होती, झाकण घट्ट.
आई भिंतीकडे तोंड करून निजलेली.
तशीच म्हणाली, "आज कोण पिऊन इलो?"

तेव्हापासून मी तिठ्याच्या अलीकडेच
गाडीचा वेग कमी करते, ठरवत ठरवत येते.
गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय,
दोन्ही मिसळलं तरी हरकत नाही,
इंजिन आपोआप ओळखून जुळवून घेतं.
वाचून मला इंजिनाचा हेवा वाटला.

गुणाजीचं खातं पन्नास रुपयांचं.
उघडलं तेव्हा म्हणाला, "बाय, पाचाक येत जा.
सात वाजले काय ह्ये पैशे माझ्या खिशात नको."
दोन वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही,
सासऱ्याच्या तेराव्यालाही
पंपावर पोराच्या हाती नोट ठेवून गेला होता.

आज पाचला पोचले. माझ्यापुढे रिक्षा होती, पिवळ्याला.
गुणाजीने नळी टाकीत सोडली,
तोंड समुद्राच्या बाजूला वळवलं
आणि आकडे फिरेपर्यंत श्वास धरून ठेवला.
एवढे दिवस मी फक्त आकडेच बघत होते.

"खयचा घालू?"
"हिरवा."
त्याने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
पावती फाडली, पन्नास जमा.
साठ पैशांची नोंद कुठेच केली नाही.

किक मारताना मागे पुण्याची गाडी लागली,
काच अर्धी खाली आली, आतून थंड हवा,
आणि कुणीतरी म्हणालं,
"पिवळं. फुल्ल करा."